बीसीसी म्हणजे गोपनीयता नव्हे!



आजचा लेख रक्तदाबावर नाही, मधुमेहावर नाही, थायरॉइडवरही नाही. आजचा लेख ई-मेलवर आहे. "डॉक्टर, हा तुमचा विषय कधीपासून झाला?" असं काही जण विचारतील. लेख पूर्ण वाचा आणि मग तुम्हीच ठरवा.

काही महिन्यांपूर्वी एक रुग्ण थायरॉइडचा रिपोर्ट दाखवायला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रिपोर्ट उत्तम होता, पण चेहरा उतरलेला. विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. ती वंध्यत्वावरचे उपचार घेत होती आणि ही गोष्ट नवऱ्याशिवाय घरात कोणालाच माहीत नव्हती. उपचार केंद्राकडून तिला एक साधा मेल आला होता: 'दिवाळीच्या सुट्टीत केंद्राच्या वेळा बदलल्या आहेत.' मजकुरात गैर काहीच नाही. पण वर, 'टू'च्या रकान्यात, चाळीसेक जणांचे पत्ते ओळीने छापलेले. आणि त्यात एक पत्ता तिच्या धाकट्या जावेचा!

दोघी एकाच घरात राहतात, एकाच ओट्यावर स्वयंपाक करतात, आणि दोघींनीही एकमेकींपासून हे लपवलं होतं. आता हिला तिचं कळलं, तिला हिचं कळलं, आणि बोलायचं कुणी हा प्रश्न. दोन तासांनी केंद्राचा दुसरा मेल आला: 'मानवी चुकीमुळे आधीचा मेल अयोग्य पद्धतीने गेला, कृपया तो डिलीट करावा.' हा माफीचा मेल मात्र व्यवस्थित बीसीसीमध्ये होता.

ती त्या केंद्रात पुन्हा गेली नाही. उपचार अर्धवट राहिले.

'मानवी चूक' हे शब्द मला मान्य नाहीत, आणि का मान्य नाहीत तेच आज सांगायचं आहे. रुग्णांच्या यादीला बीसीसीने मेल पाठवणं ही पद्धतच चुकीची आहे. मेल बरोबर गेला तरी पद्धत चुकीचीच. फक्त त्या दिवशी नशीब चांगलं होतं, एवढंच.

टू, सीसी, बीसीसी: आत काय घडतं?

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात कागदाखाली कार्बन ठेवून प्रत काढत, तेच नाव पुढे चालू राहिलं. बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, इतरांना दिसू नये अशा माणसाला दिलेली प्रत.

ई-मेलचे दोन भाग असतात. एक पाकीट आणि एक आतलं पत्र. पोचवणारा सर्व्हर पाकिटावरचे पत्ते बघतो. तुम्हाला पडद्यावर दिसतं ते आतलं पत्र. 'टू' आणि 'सीसी' पत्रातही छापलेले असतात. बीसीसीचे पत्ते पाकिटावर असतात, पण पत्रातून ती ओळ काढून टाकायची असते. म्हणजे तुमची गोपनीयता जपणारी कडी-कुलपं नाहीत. एका प्रोग्रॅमने एक ओळ आठवणीने खोडली, एवढाच तुमचा बचाव. ई-मेलचा मजकूर कसा असावा हे सांगणारं २००८ सालचं मानक आहे, आरएफसी ५३२२. त्यात बीसीसी वापरण्याच्या तीन रीती दिल्या आहेत. त्यातल्या एका रीतीत बीसीसीवाल्यांना जाणाऱ्या प्रतीत ती ओळ राहू देण्याचीही मुभा आहे. म्हणजे बीसीसी हा ई-मेलमधला एक शिष्टाचार आहे. तिजोरी नव्हे.

जिथे हे घडायलाच नको होतं, तिथे घडलं

लंडनच्या सोहो भागात '५६ डीन स्ट्रीट' नावाचं लैंगिक आरोग्याचं प्रसिद्ध क्लिनिक आहे. १ सप्टेंबर २०१५ रोजी तिथून ७८१ जणांना वार्तापत्र गेलं. पत्ते बीसीसीऐवजी 'टू'मध्ये पडले. ७८१पैकी ७३० पत्त्यांत माणसाचं पूर्ण नाव होतं. यादीतले बरेचसे लोक एचआयव्हीसह जगणारे होते, सगळे नव्हते. पण यादी वाचणाऱ्याला तो फरक कसा कळणार? यादीत नाव म्हणजे आजार, असाच अर्थ लावला जातो. २०१६ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या रुग्णालय ट्रस्टला १,८०,००० पौंड दंड केला.

आता यातली खरी मेख ऐका. याच ट्रस्टमध्ये मार्च २०१० मध्ये अशीच चूक झाली होती. एचआयव्हीच्या उपचारांबद्दलची प्रश्नावली १७ रुग्णांना पाठवताना पत्ते असेच 'टू'मध्ये गेले होते. तेव्हा काही उपाय झाले. पण पद्धत तीच राहिली आणि साडेपाच वर्षांनी १७चे ७८१ झाले.

दुसरं उदाहरण 'एचआयव्ही स्कॉटलंड' या संस्थेचं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा मेल १०५ जणांना गेला, सगळे पत्ते उघडे. त्यातल्या ६५ पत्त्यांवरून माणूस ओळखता येत होता. दंड १०,००० पौंड. या संस्थेने बीसीसीचा धोका ओळखला होता, सुरक्षितपणे मेल पाठवणारी प्रणाली विकतही घेतली होती, आणि तरी सात महिने बीसीसीच चालू ठेवली होती! धोका माहीत होता, औषध कपाटात होतं, डोस मात्र दिला नाही.

तिसरं उदाहरण जुनं आहे, पण मला सर्वांत बोलकं वाटतं. 'एली लिली' कंपनी प्रोझॅक या नैराश्यावरच्या औषधाची आठवण करून देणारी ई-मेल सेवा चालवत असे. जून २००१ मध्ये सेवा बंद करायचं ठरलं. ते कळवणारा मेल पाठवण्यासाठी एका कर्मचाऱ्याने नवा प्रोग्रॅम लिहिला. त्या प्रोग्रॅमने सर्व ६६९ जणांचे पत्ते 'टू'मध्ये टाकले. म्हणजे सेवा चालू असताना प्रत्येकाला वेगळा मेल जात होता, आणि निरोप घेताना सगळ्यांना सगळे दिसले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण हाती घेतलं आणि जानेवारी २००२ मध्ये कंपनीशी तडजोडीचा करार जाहीर केला.

रुग्णालय, सेवाभावी संस्था, औषध कंपनी. तिघांनाही रुग्णांचं वाईट करायचं नव्हतं. म्हणूनच मी म्हणतो, यात माणसं वाईट नव्हती, पद्धत वाईट होती.

पत्ता फुटला तर आजार कसा बळावतो?

"पत्ता दिसला, त्यात एवढं काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं वैद्यकशास्त्र.

एचआयव्हीचं औषध, म्हणजे एआरटी, नियमित घेतलं तर रक्तातलं विषाणूंचं प्रमाण इतकं खाली जातं की चाचणीत ते सापडत नाही. ही स्थिती टिकून असलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ती व्यक्ती इतर कोणाहीसारखं दीर्घ आयुष्य जगू शकते. पण हे सगळं एका अटीवर: औषध चुकवायचं नाही. औषध थांबलं की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. मग प्रतिकारशक्ती ढासळते, लागण पसरू शकते, आणि औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो.

आता सांगा, ज्याचं नाव फुटलं तो पुढच्या महिन्यात त्या केंद्राच्या रांगेत उभा राहील? आणि हे फक्त एचआयव्हीचं नाही. क्षयरोगाचे उपचार महिनोन्महिने चालतात. नैराश्याची औषधं बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर घ्यावी लागतात. व्यसनमुक्तीला येणारा माणूस पहिल्या दिवशी दारातूनच परत जायच्या तयारीत असतो. या सगळ्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे 'इथलं बाहेर जाणार नाही' हा विश्वास. तो विश्वास हाच उपचाराचा पहिला डोस आहे. तो आपणच हिरावून घेतला, तर पुढच्या डोसांना अर्थ नाही.

"लक्ष द्या" हा उपाय नव्हे

अशी घटना घडली की काय होतं? कर्मचाऱ्याला नोटीस, सगळ्यांना परिपत्रक: 'मेल पाठवताना काळजी घ्यावी.' झालं.

भूल देण्याच्या यंत्राकडे बघा. त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर लागतो आणि नायट्रस ऑक्साइडचाही. अदलाबदल झाली तर रुग्ण टेबलावरच दगावेल. मग आम्ही काय केलं? भिंतीवर 'काळजी घ्या' अशी पाटी लावली? नाही. प्रत्येक वायूच्या जोडणीला वेगळ्या जागी खुंट्या बसवल्या. याला पिन इंडेक्स पद्धत म्हणतात. ऑक्सिजनच्या जागी नायट्रसचा सिलिंडर बसतच नाही. मध्यरात्री, दमलेल्या हातांनी, घाईतही बसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पोट शिवण्याआधी गॉज मोजतात. सर्जन कितीही नावाजलेला असो, त्याच्या स्मरणशक्तीवर आम्ही भिस्त ठेवत नाही.

मग रुग्णांची आख्खी यादी एका रकान्याच्या भरवशावर का सोडायची? 'सीसी' आणि 'बीसीसी' हे रकाने पडद्यावर एकमेकांना चिकटून असतात, आणि संध्याकाळी सात वाजता रिसेप्शनवरची मुलगी एका हाताने फोन घेत दुसऱ्या हाताने मेल पाठवत असते. चूक होईल का, हा प्रश्नच नाही. कधी होईल, एवढंच बघायचं.

"आम्ही कमांड लाइनवरून पाठवतो"

माझे काही मित्र आणि त्यांचे संगणक सांभाळणारे तरुण म्हणतील, "आम्ही माऊसने क्लिक करत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करतो. तिथे घोळ होत नाही."

होतो. अधिक होतो.

पहिली गोष्ट, मेल पाठवणाऱ्या बहुतेक आज्ञांमध्ये 'वजा बी' लिहिलं तर बीसीसी आणि 'वजा सी' लिहिलं तर सीसी. कीबोर्डवर सी आणि बी यांच्यामध्ये एकच कळ आहे. शंभर रुग्णांची गोपनीयता आणि बदनामी यांच्यामध्ये एका कळीचं अंतर! आणि इथे 'नक्की पाठवायचं?' असं कोणी विचारत नाही. एंटर दाबलं की गेलं.

दुसरी गोष्ट, आज्ञेत लिहिलेले पत्ते त्या संगणकाच्या इतिहास-फाइलमध्ये साठून राहतात. शिवाय आज्ञा चालू असताना, त्याच लिनक्स सर्व्हरवर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला चालू प्रक्रियांच्या यादीत ती पत्त्यांसकट दिसू शकते. म्हणजे मेल मिळणाऱ्यांपासून लपवलं आणि शेजारच्या खुर्चीला दाखवलं.

तिसरी गोष्ट, बीसीसीची ओळ खोडणार कोण? आज्ञा देणारा प्रोग्रॅम म्हणतो पुढचा खोडेल, पुढचा समजतो आधीच्याने खोडली असेल. दोघांचं न जमलं तर ओळ पत्रात तशीच राहते.

मग करायचं काय? एक पत्र, एक पत्ता

उपाय अगदी साधा आहे. शंभर जणांना एक मेल पाठवू नका. शंभर मेल पाठवा. प्रत्येक पत्रात 'टू'मध्ये एकच पत्ता, त्याच रुग्णाचा. दुसऱ्याचा पत्ता त्या पत्रात कुठल्याच रकान्यात नाही. मग 'सीसी'त पडला काय नि 'टू'त पडला काय, फुटायला काही उरतच नाही. ही झाली ई-मेलची पिन इंडेक्स.

हे हाताने करायचं नाही. साध्या ऑफिस प्रोग्रॅममधला मेल मर्ज हेच करतो. मेल पाठवणाऱ्या सेवा हेच करतात. आणि कमांड लाइन येत असेल, तर तिथे तिचा खरा उपयोग आहे. एका फाइलमध्ये दर ओळीला एक पत्ता, पत्राचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये, आणि चार ओळींची स्क्रिप्ट: एक पत्ता वाच, त्याला पत्र पाठव, काही सेकंद थांब, पुढचा पत्ता वाच.

पण इथेही एक खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. माझ्या भाच्याने मला अशी स्क्रिप्ट लिहून दिली. पत्त्यांची फाइल लूपला जोडली, पण पत्राचा मजकूर कुठून घ्यायचा हे सांगायचं राहिलं. मेलच्या आज्ञेने समोर दिसेल ते मजकूर म्हणून उचललं. समोर काय होतं? पत्त्यांची उरलेली यादी! पहिल्या माणसाला एक पत्र गेलं आणि त्यात बाकीच्या सगळ्यांचे पत्ते होते. दुसऱ्याला काहीच गेलं नाही, कारण यादी संपली होती.

आमचं नशीब नव्हे, आमची पद्धत कामी आली. त्या यादीत माझे, बायकोचे आणि भाच्याचे मिळून पाचच पत्ते होते. खरी यादी आम्ही अजून जोडलीच नव्हती. म्हणून माझे नियम लिहून ठेवा:

१. मजकूर नेहमी स्वतंत्र फाइलमधून द्या.

२. आधी स्वतःच्या तीन-चार पत्त्यांवर पाठवा. आलेलं पत्र उघडून 'मूळ मेल दाखवा' हा पर्याय निवडा आणि त्यात दुसरा एखादा पत्ता कुठे दिसतो का ते शोधा.

३. खरी यादी जोडताना शेजारी दुसरा माणूस असू द्या. गॉज मोजायला दोघं लागतात, तसंच.

४. पत्त्यांच्या फाइलला 'एचआयव्ही रुग्ण' असलं नाव देऊ नका, आणि ती इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवा.

५. विषयाच्या ओळीत आजाराचं, विभागाचं नाव नको. फोन कुलूपबंद असतानाही ती ओळ पडद्यावर झळकते. आपल्याकडे कित्येक रुग्णांचा ई-मेल मुलाच्या फोनवर असतो, हे विसरू नका.

६. आणि सर्वांत आधी विचारा: हा मेल पाठवायची खरंच गरज आहे का?

तीन सबबी

"आमचं छोटं क्लिनिक आहे." छोट्या गावात धोका मोठा. लंडनच्या यादीत ओळखीचं नाव शोधावं लागतं. तालुक्याच्या गावात चाळीस नावांत तुमचा व्याही निघतो.

"आम्ही ई-मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप वापरतो." रुग्णांचा ग्रुप केला असेल तर प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. बऱ्याचदा फोटोही. तो ग्रुप म्हणजे कायमचा उघडा 'टू'चा रकाना. 'मधुमेही मित्र' ग्रुपवर लोक स्वतःहून, संमतीने आले असतील तर प्रश्न नाही. पण रुग्णाला न विचारता ग्रुपमध्ये घालणारा डॉक्टर तेच करतोय, जे त्या केंद्राने केलं.

"बीसीसीवर एवढा राग कशाला?" राग नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाचं आमंत्रण बीसीसीने खुशाल पाठवा. पत्ते फुटले तर फार तर प्रसादाला चार माणसं जास्त येतील. पण ज्या यादीत असणं हीच माहिती आहे, ती यादी बीसीसीच्या भरवशावर सोडू नका. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीही २०२३ मध्ये संस्थांना हेच बजावलं: माहिती संवेदनशील असेल तर बीसीसीऐवजी मेल मर्ज किंवा तशा सेवा वापरा.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा २०१७चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीसंबंधी नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने त्या माहितीच्या संरक्षणाची व्यवस्था केलीच पाहिजे, असं तो सांगतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अपघाताने झालेलं प्रकटीकरणसुद्धा माहितीचा भंग धरलं आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे 'चुकून झालं' हे उत्तर तिथेही चालणार नाही.

पण खरं सांगू? कायद्याच्या भीतीने ही सवय बदलणार नाही. ती बदलेल तुमच्या प्रश्नाने. पुढच्या वेळी एखाद्या रुग्णालयाने, लॅबने, आधारगटाने तुमचा ई-मेल मागितला, तर द्यायच्या आधी एकच विचारा: "सगळ्यांना मेल पाठवताना तुम्ही प्रत्येकाला वेगळा पाठवता की एकत्र?" 'बीसीसी करतो' असं उत्तर आलं, तर हा लेख त्यांना द्या. आणि तुम्हाला कधी दुसऱ्यांचे पत्ते उघडे असलेला मेल आला, तर यादी वाचत बसू नका, पुढे पाठवू नका, 'रिप्लाय ऑल' तर मुळीच करू नका. पाठवणाऱ्याला एकट्याला कळवा आणि तो मेल काढून टाका. त्या यादीत तुमचंही नाव आहे.

ती रुग्ण आता दुसऱ्या शहरात उपचार घेते. दर खेपेला दोन तासांचा प्रवास करते. जवळचं केंद्र चालत दहा मिनिटांवर आहे.